आईच्या घोट्यावरची जखम भरली त्याची हकिकत

आईच्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडापासून चार बोटं वर एक जखम झाली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये झाली, मे २०२४ मध्ये भरली. मधल्या काळात नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी आणि खानावळीत जेवायला येणाऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "काय लावताय?" पहिले काही महिने आम्हीही तोच प्रश्न घेऊन फिरत होतो. आता ओळखीतून फोन येतात की तुमच्या आईंना होतं तसंच आमच्या वडिलांना झालंय, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून ठेवतोय. मी सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करतो, वैद्यकीय शिक्षण काही नाही. जे पाहिलं, ऐकलं आणि हाताने केलं तेवढंच सांगणार आहे.

आईची खानावळ आहे. सकाळी सहाला कणीक मळायला उभी राहिली की दुपारचे डबे जाईपर्यंत ती बसत नाही, संध्याकाळी पुन्हा तेच. तिच्या पायावरच्या गाठी गाठी झालेल्या शिरा मला लहानपणापासून आठवतात. पुढे घोट्याभोवती तपकिरी-काळा डाग पडला, तिथली कातडी कडक झाली, संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतायला लागला. रात्री खाज सुटायची. ती म्हणायची, "उभ्याचं काम हाय, हुणारच की." त्यासाठी डॉक्टरकडे ती कधी गेली नाही. (हे लक्षात असू द्या, विम्याच्या वेळी याचा संबंध येणार आहे.)

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. तो संपून निज श्रावण लागला, उपवासाच्या थाळ्यांची गडबड, त्यात लोखंडी स्टुलाची कड घोट्याला घासली. सालपट निघालं, रुपयाच्या नाण्याएवढं. दहा-बारा दिवसांत खपली धरून विषय संपायचा, पण खपली धरलीच नाही. कडा पसरत गेल्या आणि वरून पाणी झिरपायला लागलं.

पायाची जखम म्हटल्यावर सगळ्यांचा पहिला संशय शुगरवर. तपासली, उपाशीपोटी ९४ आणि तीन महिन्यांची सरासरी ५.५, म्हणजे शुगर नाही. मग जवळच्या एका दवाखान्यात रोजचं ड्रेसिंग सुरू झालं. आयोडीनने पुसायचं, कोरडं गॉज ठेवायचं, वर चिकटपट्टी, दीडशे रुपये. दुसऱ्या दिवशी ते गॉज जखमेला घट्ट धरलेलं असायचं. ओढून काढताना आई पदर तोंडात धरायची, आणि कडेने आलेली कोवळी कातडी गॉजबरोबर निघून यायची. पू तपासायला पाठवला, जंतू सापडले, गोळ्या झाल्या. पुन्हा पाठवला, वेगळे जंतू सापडले, जास्त महाग गोळ्या झाल्या. तोंडाची चव गेली, पोट बिघडलं, जखम होती तिथेच.

लक्ष्मीपूजनाला, १२ नोव्हेंबरला, आईने पायाला प्लास्टिकची पिशवी बांधली होती, कारण पट्टी दोन तासांत ओली होऊन साडीला डाग पडत होते. वास येऊ लागला होता. खानावळीत बाहेर येऊन वाढणं तिने बंद केलं, आतूनच ताटं सरकवायची. दुखण्यापेक्षा या गोष्टीने ती जास्त खचली होती, आणि मीही. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने, जे औषध कंपनीत काम करतात, सरळ सांगितलं, "स्किनवाल्याकडे जाऊ नका, शिरांच्या सर्जनकडे जा. मिरजेला."

नंबर लागला ४ डिसेंबरचा. तपासणी फी सहाशे. फोनवर सांगितलं होतं की चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा, जुने कागद आणा, जखमेवर पूड किंवा लेप लावून येऊ नका. मी एक गोष्ट यात जोडेन. पायजमा किंवा सैल परकर घालून न्या, कारण दोन्ही पाय मांडीपर्यंत तपासतात आणि नऊवारी-पाचवारीत म्हाताऱ्या बायका फार अवघडतात.

डॉक्टरांच्या आधी एका सिस्टरनी आईला आत घेतलं. पन्नाशीच्या, जतकडच्या, बोलायला मोकळ्या. मला वाटलं वजन-बीपी करून सोडतील, पण त्यांनी जवळजवळ तासभर घेतला. एवढ्या महिन्यांत दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बघणारं पहिलं माणूस तेच.

"मावशी, बाळंतपणं किती? बाळंतपणानंतर कधी एक पाय सुजून लाल झालता का? पायाचं हाड मोडलंय कधी? झोपता पलंगावर का खुर्चीत? चालताना पोटरीत गोळे येऊन थांबावं लागतं का?" आणि मग, "रात्री पाय दुखला तर वर उशीवर घेतल्यावर बरं वाटतं का खाली सोडल्यावर?"

आई म्हणाली, वर घेतल्यावर. सिस्टरनी कागदावर खूण केली. मी विचारलं याने काय कळतं. त्यांनी हात न थांबवता समजावलं. रक्त पायापर्यंत पोचतच नसेल, म्हणजे धमनी चोंदली असेल, तर माणूस पाय पलंगाखाली सोडून बसतो, तेव्हा त्याला आराम पडतो. तशी जखम बहुधा बोटांवर, टाचेवर, पावलाच्या कडेला असते, खोल, कापल्यासारख्या सरळ कडांची, आणि पाऊल गार लागतं. आईची जखम उथळ, कडा वेड्यावाकड्या, पाणी भरपूर, जागा घोट्याच्या आत वरच्या बाजूला, भोवती काळा डाग आणि पाऊल कोमट. म्हणजे रक्त येतंय, ते वर परत जात नाहीये. काळा डाग म्हणजे शिरांतून बाहेर झिरपलेल्या रक्तातलं लोह कातडीत साठलेलं. "पण नुसतं बघून मी पट्टी बांधणार नाही," त्या म्हणाल्या, "आधी मोजणार."

गोळ्यांच्या पाकिटांत बीपीची ॲम्लोडिपिन निघाली. तिने पाय सुजतात, हे मला नवीन होतं. त्यांनी फाईलवर लाल पेनाने लिहिलं, आणि नंतर डॉक्टरांनी फिजिशियनला चिठ्ठी देऊन गोळी बदलून घेतली. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हेही बजावलं.

मग आईला टेबलावर उताणं झोपवून पंधरा मिनिटं गप पडून राहायला सांगितलं. "एवढं निवांत मी बाळंतपणात पण पडले न्हाई," आई म्हणाली. त्यानंतर दोन्ही दंडांवर बीपी घेतलं, पण स्टेथोस्कोप न लावता. मनगटाशी जेल लावून पेनासारखी एक छोटी काडी टेकवली, ती डॉप्लर नावाच्या यंत्राला जोडलेली, आणि त्यातून धाप धाप असा आवाज खोलीभर. पट्टा फुगवला की आवाज बंद, हवा सोडत आणली की पहिला आवाज येतो तो आकडा लिहायचा. मग तोच पट्टा घोट्याच्या वर. जखमेवर आधी स्वच्छ पातळ प्लास्टिक गुंडाळलं. पावलाच्या वर एक जागा, घोट्याच्या मागे एक जागा, दोन्हीकडचा आवाज शोधून आकडा घेतला. आई कान देऊन ऐकत होती. "रेल्वे आल्यागत वाजतंय," म्हणाली.

हिशेब माझ्यासमोरच केला. दंडाचे आकडे १४२ आणि १३८, त्यातला मोठा घ्यायचा. डाव्या घोट्याचे १४८ आणि १४०, त्यातलाही मोठा. १४८ भागिले १४२, म्हणजे १.०४. उजवा १.०७. या आकड्याला एबीपीआय म्हणतात. ०.८ ते १.३ च्या आत असेल तर पायावर जोराची पट्टी बांधता येते. त्याखाली गेला तर धमनीचा त्रास आहे असं धरून डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसा दाब द्यायचा नाही, आणि ०.५ च्या खाली म्हणजे तातडीने धमनीचा इलाज. १.३ च्या वर गेला तर खूश व्हायचं नाही. शुगरवाल्यांच्या धमन्या कडक होऊन पट्ट्याने दाबल्या जात नाहीत आणि आकडा खोटा चढतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात.

या सगळ्याला सामान काय लागलं? बीपीचा पट्टा, जेल, हातात मावणारं डॉप्लर, आणि शिकलेलं माणूस. आधीच्या महिन्यांत हे कुठेच झालं नव्हतं. कुणीतरी घट्ट क्रेपची पट्टी बांधून दिली नाही हेच आमचं नशीब म्हणायचं, कारण धमनी बंद असलेल्या पायावर घट्ट पट्टी बसली तर पाऊल काळं पडू शकतं.

शेवटी जखमेचं माप. तिच्यावर पारदर्शक कागद ठेवून मार्करने कड गिरवली, तारीख टाकली. लांबी साडेचार, रुंदी तीन सेंटीमीटर. शेजारी कागदी पट्टी ठेवून फोटो. तळाला पिवळा थर किती, लाल दाणेदार किती, पाणी किती, वास आहे का, भोवतालची कातडी कशी, हे सगळं एका छापील फॉर्मवर. पू पुन्हा तपासायला पाठवायचा का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, महिनोन्महिने उघडी असलेली जखम, जंतू सापडणारच. लाली पसरायला लागली, पाय तापला, थंडीताप आला, दुखणं एकदम वाढलं तर अँटिबायोटिक. नुसत्या रिपोर्टवर नाही.

या फॉर्मची आणि त्या पारदर्शक कागदांची मी तेव्हाच झेरॉक्स मागून घेतली. तुम्हीही घ्या. पुढे कॅशलेसच्या वेळी डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा हे कागद जास्त उपयोगी पडले.

दुसऱ्या दिवशी शिरांचा कलर डॉप्लर झाला, अडीच हजार रुपये. यात पेशंटला उभं करतात, तंत्रज्ञ पोटरी दाबून सोडतो आणि रक्त उलटं किती वेळ खाली येतं ते बघतो. अर्ध्या सेकंदाच्या वर गेलं तर शिरेतली झडप, जी रक्त उलटं येऊ देत नाही, ती निकामी. आईचं तीन सेकंदांहून जास्त. खोलच्या शिरांमध्ये गुठळी नव्हती, हे महत्त्वाचं. डॉक्टरांनी समजावलं ते असं. माणूस उभा असला की घोट्याशी शिरेत साधारण ९० मिलिमीटर (बीपी मोजतात तेच माप) दाब असतो. चालायला लागलं की पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो आणि तो तीसच्या आसपास उतरतो. झडपा निकामी झाल्या की वर ढकललेलं रक्त परत खाली येतं, दाब उतरतच नाही. पाणी, रक्तपेशी बाहेर झिरपत राहतात, कातडी आतून कुजते. "तुम्ही वरून सोनं लावलं तरी खालचा दाब तसाच," हे त्यांचं वाक्य.

इलाज दोन, आणि दोन्ही करायचे. बाहेरून दाब देणारी पट्टी, आणि निकामी शीर लेझरने बंद करणं. जखम भरल्यावर लेझर करायची असा पूर्वी प्रघात होता. ब्रिटनमध्ये ४५० पेशंटवर झालेल्या एव्हरा नावाच्या अभ्यासात, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला, शीर लवकर बंद केलेल्यांची जखम निम्म्या लोकांमध्ये ५६ दिवसांत भरली, आणि आधी फक्त पट्ट्या देऊन शीर नंतर बंद करायची ठेवली होती त्यांना ८२ दिवस लागले. म्हणून त्यांचा सल्ला होता, महिन्याभरात लेझर करून टाकू.

खर्च सत्तर हजारांच्या आसपास. आणि इथे विमा आडवा आला. आईची पॉलिसी २० फेब्रुवारी २०२२ ची. आम्ही 'वेटिंग' म्हणजे आधीपासून असलेले आजार एवढंच समजत होतो. पण बहुतेक पॉलिसींत एक वेगळी यादीही असते, मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध वगैरेंची, ज्यांना पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत. आरोग्य संजीवनी नावाच्या पॉलिसीच्या छापील अटींत त्या यादीत 'व्हेरिकोज व्हेन्स आणि व्हेरिकोज अल्सर', म्हणजे फुगलेल्या शिरा आणि त्यांनी होणारी जखम, असं चक्क नाव आहे. आमच्या पॉलिसीतही होतं. म्हणजे २० फेब्रुवारी २०२४ पर्यंत थांबणं भाग. डॉक्टर म्हणाले, थांबा, तोवर पट्टी चालू करू, तीच मुख्य आहे. तीन महिन्यांत जखम हललीच नाही तर कडेचा तुकडा तपासायला काढू, कारण जुन्या जखमेत कधीकधी कॅन्सर निघतो. हे शेवटचं वाक्य मी घरी कुणाला सांगितलं नाही.

ज्यांच्याकडे विमा नाही त्यांच्यासाठी एक सूचना. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा फोन १५५३८८ आहे. आमच्या हॉस्पिटलात योजना नव्हती म्हणून मला अनुभव नाही, पण ती दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, आठवड्याच्या पट्ट्यांना त्यातून पैसे मिळतील असं धरून चालू नका. कोणत्या हॉस्पिटलात कोणता उपचार बसतो ते तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा.

पट्टी सुरू झाली १८ डिसेंबरला. आधी पाय धुवायचा, हेच आईला धक्कादायक होतं, कारण चार महिने सगळ्यांनी "पाणी लागू देऊ नका" सांगितलेलं. बादलीत आतून स्वच्छ प्लास्टिकची पिशवी लावायची, कोमट नळाचं पाणी, त्यात पाय दहा मिनिटं. सुकलेली साल आपोआप सुटते. मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही. जखमेवर न चिकटणारी जाळी आणि पाणी शोषणारा फोमचा तुकडा, भोवतीच्या कातडीला साधी पेट्रोलियम जेली. हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली सिस्टरनी घरातून काढूनच टाकायला सांगितली.

मग थर. पहिला कापसाचा मऊ रोल, नडगीच्या हाडावर आणि घोट्यामागच्या खळगीत जास्त, म्हणजे दाब एका जागी रुतत नाही. त्यावर क्रेप, त्यावर ताणाची पट्टी, शेवटी स्वतःलाच चिकटणारी. ही चार थरांची पद्धत लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात १९८० च्या दशकात बसवली गेली. सगळे मिळून घोट्याशी साधारण ४० मिलिमीटर दाब येतो आणि गुडघ्याकडे कमी होत जातो. सुरुवात बोटांच्या मुळापासून, पाऊल काटकोनात, टाच पूर्ण झाकलेली, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर, शेवट गुडघ्याच्या दोन बोटं खाली. टाच उघडी राहिली तर सूज त्या खिडकीतून बाहेर येते. घोटा कापूस गुंडाळल्यावरही १८ सेंटीमीटरपेक्षा बारीक असेल तर आणखी कापूस घालतात, कारण पाय जेवढा बारीक तेवढा त्याच पट्टीचा दाब जास्त. आईचा २३ होता.

चार थरांचा तयार संच अडीच हजारांच्या घरात, आणि तो एकदाच वापरायचा. तीन आठवड्यांनी मी सिस्टरना सरळ सांगितलं, परवडत नाही. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. त्यांनी कमी ताणाच्या, धुऊन वापरता येणाऱ्या पट्ट्या सुचवल्या, नऊशेला एक, एका वेळी दोन लागतात, दोन जोड्या घेतल्या. खालचा कापूस मात्र दर वेळी नवा. साधी मेडिकलमधली क्रेप चालेल का, असं मलाही लोक विचारतात. एकटी क्रेप तासाभरात ढिली होते आणि दाब राहत नाही, एवढंच मी पाहिलंय.

बांधायला मी शिकलो. सिस्टरनी आधी माझ्याच पायाला बांधून दिली आणि तसाच ऑफिसला पाठवलं, "मावशींना काय वाटतं ते कळू द्या." दुपारपर्यंत चावत होतं, संध्याकाळपर्यंत सवय झाली. नंतर त्यांच्या देखरेखीखाली आईच्या पायाला बांधली, तीन-चार वेळा त्यांनी सोडायला लावून पुन्हा करायला सांगितलं. पोराने पाय धरायचे म्हणून आई सुरुवातीला फार संकोचायची, साडी घोट्याच्या वर जाऊ द्यायची नाही. मग ती त्या वेळात लसूण सोलायला घ्यायची, म्हणजे माझ्याकडे बघावं लागायचं नाही.

पहिल्या आठवड्यात सूज भराभर उतरली, पट्टी ढिली पडली, म्हणून मधेच बदलावी लागली. पुढे आठवड्यातून दोनदा, मग एकदा. रात्री दुखायचं, पॅरासिटामॉल चालली. बोटं निळी-पांढरी पडली, मुंग्या आल्या किंवा पाय वर घेऊनही कळ थांबली नाही तर वाट न बघता पट्टी कापून काढायची, ही सूचना मी फ्रिजवर लिहून चिकटवली. पलंगाच्या पायथ्याला दोन विटा. दर तासाला ओट्याला धरून टाचा उचलायच्या, वीस वेळा. एकाच जागी उभं राहण्यापेक्षा चाललेलं बरं. उंच स्टूल आणलं, ते तिने दळणाचा डबा ठेवायला घेतलं. शेवटी पोळ्या लाटायला एक बाई ठेवली, महिना सात हजार, आणि माझ्या मते या सगळ्या खर्चात सर्वांत जास्त उपयोगी पडलेली रक्कम हीच होती.

प्रथिनं वाढवा म्हणून सांगितलं तर नेमका मार्गशीर्ष लागलेला. अंड्याचं नाव काढलं तर आईने माझ्याकडे असं पाहिलं की विषय संपला. मटकी, शेंगदाणे, पनीर, दूध यांवर महिना काढला.

चार आठवड्यांनी, १५ जानेवारीला, पारदर्शक कागद एकमेकांवर ठेवले. साडेतीन बाय दोन. क्षेत्र जवळजवळ निम्मं. सिस्टर म्हणाल्या, पहिल्या महिन्यात चाळीस टक्के कमी झालं की ती भरण्याच्या वाटेवर आहे असं समजायचं. आईने तो कागद घरी आणून शेजारणीला दाखवला.

फेब्रुवारीत मात्र गाडी अडली. जखमेभोवती लाल, ओली पुरळ, भयंकर खाज. मला वाटलं इन्फेक्शन. सिस्टरनी पुरळीची कड बघितली, ताप नाही, पाय गरम नाही. विचारपूस केल्यावर निघालं की आई पट्टी बदलायच्या आधी गुपचूप जुनं अँटिबायोटिक मलम चोळत होती. या जखमांच्या पेशंटना अशा मलमांची, सुगंधी क्रीमची ॲलर्जी फार लवकर येते. मलम बंद, काही दिवस डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइडचं क्रीम फक्त भोवतीच्या कातडीला, आणि दोन आठवड्यांत पुरळ गेली.

२० फेब्रुवारी उलटल्यावर प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधी मंजुरी मागणारा अर्ज, पाठवलं. टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेकडून, दुसऱ्या दिवशी दोन शंका आल्या. पहिली, आजार किती वर्षांचा आणि पॉलिसीच्या आधी उपचार घेतले होते का. दुसरी, उपचार सौंदर्यासाठी नाही याचं पत्र द्या. पहिल्याचं उत्तर डॉक्टरांनी जसं होतं तसं लिहिलं, शिरा बऱ्याच वर्षांपासून दिसत होत्या, पण त्यासाठी सल्ला किंवा उपचार कधी घेतला नव्हता. "दोन महिन्यांपासून आहे असं लिहून घ्या" असा सल्ला मला तिथल्याच एका माणसाने दिला होता, तो मानू नका. कागदांत काळ्या डागाचे फोटो असतात, तो डाग दोन महिन्यांत पडत नाही हे टीपीएच्या डॉक्टरलाही कळतं. दुसऱ्यासाठी सिस्टरचा फॉर्म, एबीपीआयचे आकडे, तारखांसकट गिरवलेले कागद आणि शिरांचा रिपोर्ट जोडला. आठवड्याने मंजुरी आली.

लेझर ६ मार्चला झाली. भूल फक्त पायापुरती, सुया टोचल्या त्या जाणवल्या, बाकी काही नाही, असं आई सांगते. तासाभरात तिला चालायला लावलं, संध्याकाळी घरी. डे-केअरमध्ये, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडायच्या उपचारांत, येत असल्याने चोवीस तास दाखल राहायची अट नव्हती. बिल ७१,००० झालं, विम्याने ५८,४०० दिले. कापलेल्यात पट्ट्या, हातमोजे असलं बारीकसारीक आणि पॅकेजमधला फरक. आठवड्याने पुन्हा डॉप्लर केला, शीर बंद, खोल शिरेत गुठळी नाही. मांडीच्या आतल्या बाजूला काही दिवस ओढल्यासारखं व्हायचं, घोट्याजवळ थोडी बधिरता अजून आहे.

पट्ट्या चालूच राहिल्या. पाडव्याला, ९ एप्रिलला, जखम करंगळीच्या नखाएवढी होती. मग एक कोपरा फार रेंगाळला. अक्षय्य तृतीयेला, १० मे रोजी, सिस्टरनी फोम उचलला, भिंगातून बघितलं आणि म्हणाल्या, "मावशी, बंद झाली. पण पट्टी अजून दोन आठवडे." नवी कातडी कागदासारखी पातळ असते, लगेच मोकळी सोडायची नसते.

त्यानंतर स्टॉकिंग, म्हणजे दाब देणारा मोजा, गुडघ्यापर्यंतची, क्लास दोन. क्लास म्हणजे दाबाची पायरी, तिचे आकडे देशागणिक वेगळे असतात, ब्रिटिश क्लास दोन १८ ते २४ मिलिमीटर आणि जर्मन क्लास दोन २३ ते ३२. त्यामुळे पाकिटावर मिलिमीटर वाचून घ्या, दुकानदार काय म्हणतो त्यावर जाऊ नका. आमची जर्मन मापाची, जोडी ३,२००. सांगलीच्या मे महिन्यात ती घालणं म्हणजे शिक्षा आहे, यात गोड बोलण्यासारखं काही नाही. आईने दोनदा काढून फेकली. उपाय एवढाच निघाला की सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी, पाय सुजलेला नसताना घालायची, पावलाला आधी पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली की ती सरकत वर जाते, मग पिशवी बोटांकडून ओढून काढायची. हातात रबरी हातमोजे. रात्री काढून पायाला साधी व्हॅसलीन. हाताने धुवायची, सावलीत वाळवायची.

सहा महिन्यांत तिचा ताण जातो, म्हणून नोव्हेंबरात नवी जोडी मागवली. त्याआधी सिस्टरनी माप पुन्हा घ्यायला लावलं. घोटा २३ वरून साडेएकवीसवर आला होता आणि जुना साइज बसणारच नव्हता. उजव्या पायाच्याही शिरा डॉप्लरवर थोड्या बिघडलेल्या आहेत, म्हणून त्यालाही स्टॉकिंग, आणि एबीपीआय दर वर्षी पुन्हा.